साधे, प्रीमियम की हिवाळी डिझेल? लेहला निघण्यापूर्वीची शंका

सिंहगडकर (प्रश्न)
२०२१ साली घेतलेली आमची बीएस-६ (भारत स्टेज ६, म्हणजे वाहनांच्या धुराचे सरकारी मानक) डिझेल गाडी घेऊन आम्ही ऑक्टोबरअखेरीस पुण्याहून श्रीनगरमार्गे लेहला निघणार आहोत. नेहमीच्या पंपावरचा मुलगा दर वेळी ‘साहेब, प्रीमियम टाकू का?’ असे विचारतो. लेहला थंडीत वेगळेच डिझेल मिळते असे ऐकले आहे, शिवाय महामार्गालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ‘बायोडिझेल’ बरेच स्वस्त विकले जाते. यांत नेमका फरक काय आणि या प्रवासासाठी कोणते भरावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नोझलवाला
गाड्यांमधले डिझेल पंप आणि इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे भाग) दुरुस्त करण्याचा माझा व्यवसाय आहे, त्या अनुभवावरून लिहितो. साधे आणि प्रीमियम यांचा पाया एकच असतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक गंधक असता कामा नये (बीएस-४ साठी ही मर्यादा ५० होती) आणि सीटेन क्रमांक किमान ५१ असावा लागतो. ही अट दोन्हींना सारखीच लागू आहे. प्रीमियममध्ये इंजेक्टरच्या नोझलवर काजळी धरू न देणारी द्रव्ये वरून घातलेली असतात. काही ठिकाणी सीटेनही थोडा वाढवलेला असतो, म्हणजे इंधन अधिक चटकन पेट घेते आणि सकाळी गार इंजिनाची खडखड कमी होते. मात्र झिजलेले नोझल प्रीमियमने दुरुस्त होत नाही. पंप भरवशाचा असेल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलला असेल, तर साधे डिझेल पुरते, असे माझे मत आहे.

हिमवाटा
तुमच्या बाबतीत खरा प्रश्न गारठ्याचा आहे. डिझेलमध्ये मुळातच मेणासारखे घटक असतात. थंडीत बाटलीतले खोबरेल थिजते, तसेच तेही आधी गढूळ होते, मग मेणाचे कण फिल्टरच्या कागदावर बसतात आणि इंजिनाला इंधन पोहोचेनासे होते. एका नोव्हेंबरात कारगिलला मुक्कामी असताना आमची गाडी पहाटे सुरू होऊन दोनच मिनिटांत बंद पडली. फिल्टर उघडला तेव्हा आत पांढरट साका दिसला आणि गरम पाण्यात भिजवलेली फडकी तासभर गुंडाळल्यावर ती मार्गी लागली. टाकीत अजून खालच्या मुलखातलेच डिझेल होते.

आपल्या मानकात डिझेलच्या प्रवाहबिंदूची (ज्या तापमानाखाली ते वाहायचे थांबते त्याची) कमाल मर्यादा हिवाळ्यात ३ अंश आणि उन्हाळ्यात १५ अंश सेल्सिअस आहे. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी आणलेले हिवाळी डिझेल मात्र उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. पूर्वी तिकडचे चालक डिझेलमध्ये रॉकेल मिसळत असत. तुम्ही तो उपाय करू नये, कारण आताच्या गाड्यांतील हाय-प्रेशर पंपाला डिझेलचेच वंगण मिळते आणि रॉकेलात तो गुण फार कमी असतो.

सिंहगडकर
मनःपूर्वक आभार. शेडमधल्या बायोडिझेलविषयीही सांगावे. वडिलांच्या बीएस-३ जीपमध्ये बीएस-६ डिझेल चालते का?

नोझलवाला
जीपमध्ये निःशंक भरावे; अडचण उलट बाजूने येते, कारण जास्त गंधकाच्या डिझेलमुळे नव्या गाडीची धूर शुद्ध करणारी यंत्रणा बिघडते. खरे बायोडिझेल वनस्पती तेल किंवा चरबीपासून बनते आणि मानकाप्रमाणे ते डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत मिसळता येते. शेडमध्ये त्या नावाखाली काय विकले जाते, हे कोणी तपासलेले नसते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका ठिकाणी नेहमी भरणारा टेंपो माझ्याकडे आला, तेव्हा फिल्टरच्या वाटीत बोटभर पाणी आणि त्यावर काळी बुळबुळीत साय होती. चारही इंजेक्टर बदलावे लागले. शिवाय बायोडिझेल पाणी धरून ठेवते आणि थंडीत साध्या डिझेलपेक्षा लवकर थिजते, म्हणजे लेहच्या वाटेवर त्याचा दुहेरी त्रास होईल.

निघण्यापूर्वी फिल्टर बदलून घ्यावा. श्रीनगरहून मोजकेच डिझेल घेऊन कारगिल गाठावे, तेथे हिवाळी डिझेल आले आहे का हे पंपावर विचारावे आणि आले असल्यास टाकी तेथेच पूर्ण भरावी.