आपल्याकडच्या हेरल्ड गाडीचं नातं थेट स्पिटफायर या स्पोर्ट्स कारशी

कुणी कुणी म्हणतं की भारतात बनलेल्या जुन्या गाड्यांचा स्पोर्ट्स कारशी काही संबंध नाही. हे मला अजिबात पटत नाही. नागपुरात धरमपेठेत, सिव्हिल लाइन्समध्ये दिसायची ती स्टँडर्ड हेरल्ड आठवा. मद्रासला बनायची. तिचं मूळ १९५९ ची ब्रिटिश ट्रायम्फ हेरल्ड, डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं. त्यानंच १९६२ ची ट्रायम्फची स्पोर्ट्स कार, स्पिटफायरही रेखाटली, आणि ती हेरल्डचीच चासी (खालचा सांगाडा) आखूड करून उभी केली होती!

हेरल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं. पुढच्या चाकावर बसून मेकॅनिक आरामात काम करू शकतो. स्पिटफायरमध्येही तसंच. गाडी वळते जेमतेम २५ फुटांत, नागपुरातल्या महाल भागाच्या गल्ल्यांत याची खरी किंमत कळते.

मागचं सस्पेन्शन मात्र दोघींचं दुखणं. आडवा स्प्रिंगपाटा आणि स्विंग अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांचे वेगवेगळे, वर-खाली झुलणारे अ‍ॅक्सल. वेगात वळताना मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडतं आणि गाडी मागून घसरते. स्पिटफायरला १९७० च्या मार्क ४ मध्ये यावर उपाय मिळाला. आपल्याकडे हेरल्डवरूनच बनलेल्या १९७२ च्या गझेलला सरळ अखंड अ‍ॅक्सल बसवला, आपल्या रस्त्यांसाठी तो निर्णय योग्यच होता.

कुणी हेरल्ड घेत असेल तर रंग नंतर बघा, आधी खाली वाकून चासीचे मागचे आडवे हात (सांगाड्यातून बाजूला निघालेले आधार) तपासा. गंज तिथेच लपतो.