चार छोट्या सोसायट्या मिळून एकच खत प्रकल्प, कुणी केलाय का?

गल्लीतला_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला आमच्या गल्लीत चार जुन्या बिल्डिंगा आहेत, सगळ्या मिळून ७८ फ्लॅट. एकट्या कुणाचाच कचरा दिवसाला १०० किलोच्या वर जात नाही, म्हणजे नियमातल्या मोठ्या कचरा करणाऱ्यांत आम्ही बसत नाही, सक्ती अशी नाही. पण कोपऱ्यावर रात्री कोणीतरी पिशव्या टाकून जातं आणि सकाळी कुत्र्यांनी अर्ध्या रस्त्यावर पसरलेलं असतं, कंटाळा आलाय. दोन वर्षांपूर्वी आमच्या एकट्या सोसायटीने खत करायचं मशीन घेतलं होतं, लाखभर गेले, आता त्याच्यावर मुलं सायकली टेकवतात. आता विचार असा की चौघांत मिळून एकच जागा करावी. मशीन घ्यावं की खड्डे? आणि खर्च कसा वाटायचा?

कोकोपीट_काकू
दादा, मशीन की खड्डे हा प्रश्न नंतरचा. तुमचं आधीचं मशीन बंद का पडलं ते सांगा, मीच सांगते, रोज ते चालवणारं माणूस नव्हतं. वॉचमनला सांगितलं असणार, त्याने आठवडाभर केलं असणार आणि मग वास आला म्हणून पहिल्या मजल्यावाले भांडले असणार. आमच्याकडे डिट्टो हेच झालं.

तीन सोसायट्यांत मिळून आम्ही आता पाचवं वर्ष चालवतोय. विटांचे हौद आहेत, वारा जायला भोकं ठेवलेली, वर पत्रा. तुमचे ७८ फ्लॅट म्हणजे घरटी अर्धा किलो ओला धरला तरी ४० किलोच्या आसपास रोज. त्याला ६ बाय ४ चे, तीन फूट उंच असे चार हौद पुरतील, एक भरायला महिना लागतो, मग दीड-दोन महिने मुरायला सोडायचा, तोवर पुढचे. मशीनवाले चोवीस तासात खत म्हणतात ना, ते खत नसतं, वाळवलेला चुरा असतो, कुंडीत घातला की ओला होऊन परत कुजायला लागतो आणि रोपं जळतात. वास आला की समजायचं पाणी जास्त झालंय, कोरडा पाला नाहीतर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाकायचं आणि ढवळायचं, दुसरं काही नाही. आमच्या इथला पाला पूर्वी जाळायचे, आता पोत्यात भरून ठेवतो, उन्हाळ्यातला पाला पावसाळ्यात सोन्यासारखा लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताईंशी आधी बोला. आमच्याकडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या दोघी येतात, त्यांनाच खताचं काम वेगळा पगार ठरवून दिलंय. सुका कचरा त्यांचाच, भंगार विकून येतात ते पैसे त्यांचे. मीटिंगमधे कोणीतरी म्हणतंच की सुका आपण विकू, मेंटेनन्सला हातभार, तर त्याला तिथेच गप्प करा. त्यांच्या हातावरचं पोट आहे ते.

फुरसुंगीचा_पाव्हणा
माझं सासर फुरसुंगीला. शेजारच्या उरुळी देवाचीच्या कचरा डेपोचा वास काय असतो ते लग्नाच्या दिवशीच कळलं मला. गावातल्या विहिरी खराब झाल्या, लोकांनी गाड्या अडवल्या, आंदोलनं केली, तेव्हा कुठे शहराला जाग आली. त्यामुळे गल्लीतला वास नको म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा की मग तो कुणाच्या गल्लीत न्यायचा?

गल्लीतला_सेक्रेटरी
काकू, शंभर टक्के तेच झालं होतं, वॉचमन आणि पहिला मजला दोन्ही 😅 पण जागा? चारपैकी फक्त आमच्याच मागे रिकामी जागा आहे आणि आमचे लोक म्हणतात बाकी तिघांचा उकिरडा आमच्या दारात का.

कोकोपीट_काकू
मग तुमच्या सोसायटीकडून पैसे कमी घ्या ना. आम्ही जागावाल्यांना ताईंच्या पगारातला वाटा माफ केला, बाकीचे फ्लॅटच्या हिशोबाने भरतात. खतावर पहिला हक्क पण त्यांचा. लेखी करून घ्या मात्र, कमिटी बदलली की सगळं विसरतात. शिवाय पुणे मनपाची मिळकतकरात सवलत आहे, गांडूळखत, सोलर, रेन वॉटर हार्वेस्टिंग यातलं एक असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १०. पण प्रकल्प चालू पाहिजे, तपासायला येतात. सायकली टेकवलेलं मशीन चालायचं नाही.

वेंगुर्लेकर
जागेचा वाद ऐकून बोलतोय. आमच्या वेंगुर्ल्यात रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा डेपोचंच पर्यटन स्थळ केलं, बाहेरगावची माणसं बघायला येतात. बायोगॅस आहे, प्लास्टिकचा चुरा करून रस्त्याला वापरलं. पण ते जमलं कारण घरातूनच कचरा वेगवेगळा येतो, एकत्र असेल तर घेत नाहीत. सुरुवातीला लोकांनी शिव्या घातल्याच. तुम्ही पण पहिले पंधरा दिवस नुसतं वर्गीकरण करा, हौद नंतर बांधा. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायला सांगा, ही पद्धत तुमच्या पुण्यातलीच आहे. ओल्यात एक डायपर आला की ढवळणारी बाई काय हाताने उचलणार का?

गल्लीतला_सेक्रेटरी
पटलं. रविवारी चौघांची मीटिंग लावलीये, ताईंना पण बोलावतो, त्यांच्या पगाराचा आकडा त्यांच्यासमोरच ठरू दे. फक्त पार्किंगचा विषय कोणी काढला नाही म्हणजे मिळवलं. काकू, तुमचे हौद बघायला आलो तर चालेल का?

कोकोपीट_काकू
या की. सकाळी आठला या, ढवळायची वेळ असते. जुने कपडे घालून या.