मदत हवी आहे: मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टँकमध्ये नवा मासा टिकत नाही, ड्रिप (टाकीचं पाणी थेंबथेंब मिसळणं) आणखी सावकाश द्यायचं का?

शिंपला (कोथरूड)
टाकी 3 × 1.5 × 1.5 फूट, म्हणजे साधारण 190 लिटर. सुरू होऊन वर्ष झालं. दोन ओसेलारिस क्लाउन आणि एक यलोटेल डॅमसेल हे मासे, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी). सॅलिनिटी (खारेपणा, विशिष्ट घनतेत) 1.025, तापमान 26, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट 10.

मागच्या महिन्यात कोरल ब्युटी (मासा) मागवली. रात्रभर पिशवीत होती. आल्यावर पिशवी उघडून बादलीत ओतली, दोन तास ड्रिप दिलं आणि टाकीत सोडली. त्याच दिवशी धापा टाकायला लागली, तिसऱ्या दिवशी गेली. अंगावर एकही डाग नाही. जुने मासे ठणठणीत आहेत. पिशवीतलं थोडं पाणी बाजूला ठेवलं होतं, ते 1.018 भरलं. आता फायरफिश आणि रॉयल ग्रामा हे मासे आणायचेत. ड्रिप चार तास देऊ का?

दर्याकाठ
नको! घात ड्रिपनेच झालेला दिसतोय. रात्रभर बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो. माशाने टाकलेला अमोनिया कमी पीएचला अमोनियम रूपात असतो, तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. म्हणजे तुम्ही मासा दोन तास अमोनियात ठेवलात. धाप त्याचीच.

दुसरं, 1.018 वरून 1.025. समुद्री माशाच्या अंगातलं पाणी बाहेरच्या खाऱ्या पाण्याकडे सतत ओढलं जातं, म्हणून तो पाणी पीत राहतो. खारेपणा एकदम वाढला की शरीर सुकतं. उलट दिशेने, म्हणजे खाऱ्यातून कमी खाऱ्यात, मासा बराच सहज जातो. विक्रेते मीठ वाचवायला आणि परजीवी दबून राहावेत म्हणून सॅलिनिटी कमी ठेवतात, त्यामुळे हा आकडा मागवतानाच विचारा.

पाणी माशाशी जुळवा, मासा पाण्याशी नाही. 40 लिटरची साधी टाकी घ्या. 35 पीपीटीचं (हजार भागांत 35 भाग मीठ) ताजं मिठाचं पाणी 28 लिटर आणि आरओचं पाणी 12 लिटर मिसळलं की जवळजवळ 1.018 येतं. बंद पिशवी 20 मिनिटं तरंगत ठेवा, उघडून लगेच सॅलिनिटी मोजा, 0.002 च्या आत फरक असेल तर मासा हाताने किंवा डब्याने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. मग रोज 0.001 ते 0.002 वाढवत 1.025 ला आणा.

खेकडा_07
वरच्या 40 लिटरच्या टाकीलाच क्वारंटाइन (नवे मासे वेगळे ठेवायची टाकी) करा, किमान चार आठवडे. आत वाळू नको, खडक नको. स्पंज फिल्टर, हीटर, झाकण आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, माशागणिक दोन. स्पंज महिनाभर आधी मुख्य टाकीच्या सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) टाकून ठेवा, कोरा स्पंज अमोनिया खात नाही.

अंगावर रव्यासारखे सुटे कण दिसले तर इक (परजीवीचा रोग). मैदा भुरभुरल्यासारखा बारीक थर आणि जोराचा श्वास म्हणजे वेलव्हेट (तोही परजीवीचाच रोग), त्यात वाट पाहायला दिवस नसतात. दोन्हींवर कॉपर (तांब्याचं औषध). चिलेटेड (संयुगात बांधलेलं) कॉपर दोन-तीन दिवसांत वाढवत 2.0 ते 2.5 पीपीएमला (लिटरला तितके मिलिग्रॅम) न्या आणि 30 दिवस सलग तिथेच ठेवा. एक दिवस जरी खाली गेला तरी मोजणी पहिल्यापासून. चिलेटेड कॉपर मोजणारंच किट घ्या. अमोनिया बांधणारं कंडिशनर यात टाकू नका, त्यामुळे कॉपर जास्त विषारी होतं. अमोनिया चढला तर पाणी बदला आणि नव्या पाण्यात तितकंच कॉपर आधी मिसळून घ्या.

मुख्य टाकीत कॉपर कधीच नाही. श्रिम्प मरेल आणि खडक ते शोषून घेतील.

दर्याकाठ
इथे थोडा मतभेद. लक्षण नसताना सरसकट कॉपर मला पटत नाही, भूक मरते. फायरफिश मुळात बुजरा, आधी खायला लागू दे. लक्षण दिसलं तर तासही घालवू नका.

नीलपंख
पुण्यातल्या पाण्याचं कुणी बोललं नाही. घरच्या प्यायच्या आरओला बहुधा टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो नळाचं पाणी परत मिसळतो. तो बंद करून मेम्ब्रेननंतरचं पाणी घ्या, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारं) लावा, टीडीएस शून्य यायला हवा. टँकर किंवा बोअरचं पाणी आलं की रेझिन भराभर संपतं, मीटर रोज बघा.

एप्रिल-मेमध्ये पंखा लावलात की बाष्पीभवन वाढतं. 190 लिटरमधून 8 लिटर उडालं की 35 चं 36.5 पीपीटी होतं. वर भर घालायची ती फक्त आरओची, मिठाच्या पाण्याची नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तर क्वारंटाइनचा स्पंज बंद पडतो, बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवा.

शिंपला
खूप आभार. स्पंज आजच सम्पमध्ये टाकतोय. दोघांना एकाच वेळी मुख्य टाकीत सोडू का? डॅमसेल फार दादागिरी करतो.

खेकडा_07
फायरफिश आधी, ग्रामा तीन आठवड्यांनी. तोवर अमोनिया खाणारे बॅक्टेरियाही वाढीव विष्ठेला पुरे पडतात. भोकं असलेला पारदर्शक डबा काचेला अडकवा, मासा त्यात दोन-तीन दिवस राहू दे. डॅमसेल पंख ताणून डब्यावर धडका देत असेल तोवर सोडू नका. तो डब्यासमोरून न थांबता जायला लागला की दिवे बंद करा, जुन्यांना खायला घाला, दोन-चार खडक हलवा आणि सोडा. वर 6 मिलिमीटरची जाळी हवीच, फायरफिश दचकला की उडी मारतो. वायरसाठी ठेवलेली कोपऱ्यातली फट विसरू नका.