श्रीमंत रुग्णाच्या पैशातून औषधाची चाचणी : मदत की खरेदी?

मृण्मयी

उप्साला विद्यापीठाच्या फ्रीझरमध्ये एक विषाणू पडून होता. प्रा. मॅग्नस एसांड यांच्या गटाने सर्दीसारखे आजार आणणाऱ्या एका अॅडिनोव्हायरसमध्ये फेरफार करून तो घडवला होता. न्यूरोएंडोक्राइन कर्करोगाच्या (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या) पेशीत त्याने वाढावं, ती पेशी फोडावी, पण निरोगी यकृताला हात लावू नये, अशी त्याची रचना. माणसांवर चाचणी करायला मात्र पैसा नव्हता. संशोधन पेटंट न घेताच प्रसिद्ध झालं होतं, त्यामुळे कंपन्यांना त्यात रस उरला नव्हता.

अलेक्झांडर मास्टर्स या ब्रिटिश लेखकाच्या मैत्रिणीला हाच आजार होता. त्याने २०१२ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्यातून वर्गणी सुरू झाली. अनेकांनी यथाशक्ती पैसे दिले, पण मोठी रक्कम, २० लाख पौंड, व्हिन्सेंट हॅमिल्टन या उद्योजकाची. तोही याच आजाराचा रुग्ण. विषाणूला त्याच्यावरून अॅडव्हिन्स हे नाव मिळालं. २०१६ मध्ये चाचणी सुरू झाली, तेव्हा हॅमिल्टन हयात नव्हता.

पुढे मास्टर्सने सुचवलं की अशा अडकलेल्या चाचण्यांचा सगळा खर्च श्रीमंत रुग्णाने उचलावा. त्या बदल्यात त्याला चाचणीत एक जागा मिळेल आणि बाकीच्या रुग्णांना ती फुकट असेल. मला हे पटतं, अगदी मनापासून. माझ्या आईला सहा वर्षं ‘पोटाचा त्रास’ आणि ‘पाळी जातानाची लाली’ यावर गोळ्या मिळत राहिल्या. या गाठी दाखवणारं गॅलियम स्कॅन झालं तोवर गाठी यकृतात पसरलेल्या होत्या. या आजारासाठी कुणीही पैसा देत असेल तर त्याला अडवू नये असं मला वाटतं. तुमचं मत सांगा.

उलटतपासणी

आईबद्दल वाचून वाईट वाटलं. तरीही माझा ठाम विरोध.

पहिल्या टप्प्याच्या चाचणीत आधी औषध कितपत सोसतं आणि किती मात्रा द्यायची हे पाहतात. गुण येईल असं वचन तिथे कुणी देत नाही. जागेचे पैसे मोजणारा माणूस मात्र ते औषध समजूनच मोजतो. संमतिपत्रावर सही करताना त्याच्या डोक्यात सौदा पक्का झालेला असतो. शिवाय ज्याच्या पैशावर चाचणी उभी आहे, त्याच्यात दुष्परिणाम दिसले तर ‘तुम्ही बाहेर पडा’ हे त्याला कोण सांगणार? तो डॉक्टर किती मोकळेपणाने बोलेल?

साधा_माणूस

मृण्मयी +१. पर्याय काय होता? फ्रीझर.

पिपेट

मी या क्षेत्राच्या जवळपास काम करतो. माझी तक्रार श्रीमंत रुग्णाबद्दल नाही, संशोधन पुढे कुणाच्या हातात जातं याबद्दल आहे.

ल्युटेशियमचं उदाहरण घ्या. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे रिसेप्टर, म्हणजे ते पकडून ठेवणाऱ्या जागा, दाटीने असतात. त्यांना चिकटणाऱ्या रेणूला किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ जोडलं की किरणं थेट गाठीत पोचतात. रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रात २००० पासून हे उपचार रुग्णांना दिले जात होते. म्हणजे पाया विद्यापीठाच्या रुग्णालयाने घातला. नंतर एका कंपनीने २२९ रुग्णांवर नेटर-१ ही चाचणी केली आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस महिन्यांनी आजार न वाढलेल्यांचं प्रमाण ल्युटेशियमच्या गटात सुमारे ६५ टक्के आणि तुलनेच्या गटात सुमारे ११ टक्के होतं. नोव्हार्टिस या बड्या औषध कंपनीने ती कंपनी ३.९ अब्ज डॉलरला घेतली. देणगीदार संस्थांनी यातून धडा घ्यावा. पैसे देतानाच करारात लिहून घ्यावं की उद्या औषध बाजारात आलं तर किमतीवर मर्यादा राहील आणि नफ्याचा काही वाटा संशोधनाकडे परत येईल. ते न करता नुसतं ‘द्या हो द्या’ म्हणणं मला मान्य नाही.

उलटतपासणी

त्याच चाचणीचा पुढचा भागही सांगा. अंतिम विश्लेषणात एकूण आयुर्मानाचा मध्यक ४८ महिने विरुद्ध ३६.३ महिने आला आणि तो फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरला नाही.

पिपेट

बरोबर आहे. पण तुलनेच्या गटातल्या एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांनीही नंतर हेच किरणोत्सारी उपचार घेतले. मग फरक पुसट होणारच. ते आकडे बघून उपचार निरुपयोगी म्हणू नका.

केतकी

मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. वर्गणी काढायची वेळ का यावी? अमेरिकेतल्या नोंदींनुसार १९७३ मध्ये या गाठींचे लाखामागे वर्षाला १.०९ नवे रुग्ण होते, २०१२ मध्ये ६.९८. निदान सुधारलं हे त्यामागचं मोठं कारण असेल, तरी ‘दुर्मिळ’ म्हणून सरकारने हात झटकावेत इतकं हे आता दुर्मिळ नाही. यातले बरेच रुग्ण आजार घेऊन वर्षानुवर्षं जगतात, म्हणजे एकूण रुग्ण आणखी जास्त. कॅबोझँटिनिब या औषधाची ‘कॅबिनेट’ नावाची चाचणी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पैशाने झाली. स्वादुपिंडाबाहेरच्या गाठींत आजार न वाढता गेलेला काळ ३.९ वरून ८.४ महिन्यांवर गेला आणि मार्च २०२५ मध्ये मान्यता मिळाली. करदात्यांच्या पैशातून होतं की!

मृण्मयी

केतकी, कॅबोझँटिनिब आधीपासून दुसऱ्या कर्करोगांसाठी बाजारात होतं. त्याचा नवा उपयोग तपासायला सरकार पैसे देतं, आणि द्यायलाच हवेत. पण अगदी सुरुवातीचं, ज्यातून काही निघेल की नाही ठाऊक नसतं ते काम? २०११ मध्ये स्वादुपिंडातल्या या गाठींच्या जनुकांचा नकाशा प्रसिद्ध झाला. आधी १० गाठींतली प्रथिनं घडवणारी जनुकं वाचली, मग आणखी ५८ गाठी तपासल्या. मेन-१, डॅक्स, एट्रएक्स या जनुकांची नावं त्यातून पुढे आली. त्यामागे बॉस्टनच्या एका रुग्णसंस्थेचाही पैसा होता. ती संस्था २००५ मध्ये याच आजारासाठी सुरू झालेली. त्यातून विकायला काहीच निघणार नव्हतं.

पिपेट, कराराचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

उलटतपासणी

या देणगीला माझाही विरोध नाही. संस्थेने वर्गणी गोळा करावी, तज्ज्ञांनी ती वाटावी. मी भांडतोय ते जागेच्या अदलाबदलीशी. हॅमिल्टनने पैसे दिले आणि त्याला स्वतःला त्यातून एक डोसही मिळाला नाही, तरी चाचणी झालीच ना? मग जागेचं आमिष हवंच कशाला?

मृण्मयी

कारण हॅमिल्टनसारखे फार नसतात. जागा द्यायची की नाही हे स्वतंत्र डॉक्टरांनी ठरवावं. अपात्र ठरला तर पैसे परत नाहीत, हे आधीच सांगावं. एवढं पाळलं तर मला त्यात पाप दिसत नाही. आईच्या वेळी असं दार उघडं असतं तर मी घर विकलं असतं.

उलटतपासणी

मला भीती नेमकी त्याचीच आहे. नियम अब्जाधीशासाठी करायचा आणि त्या दारात घर विकून तुम्ही उभ्या राहायचं.

मृण्मयी

हे मी धरलंच नव्हतं. मग देणगीदाराची मिळकत तपासूनच त्याला आत घ्यावं लागेल, आणि तेही डॉक्टरांनी नाही, दुसऱ्या कुणीतरी. पिपेट, तुमच्याकडच्या नैतिकता समितीत असा प्रश्न कधी आलाय का?

पिपेट

नाही. उद्या विचारून बघतो.