मदत हवी आहे: वीज कंपनीच्या बंद हेलिपोर्टचं जुनं रेकॉर्ड कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातलं किंवा एव्हिएशनमधलं कोणी आहे का इथे? यूजीन शहरात ईडब्ल्यूईबी म्हणजे यूजीन वॉटर अँड इलेक्ट्रिक बोर्ड आहे ना, १९११ पासूनची, शहराच्याच मालकीची वीज-पाणी संस्था, तिचं खाजगी हेलिपोर्ट होतं जे आता बंद आहे, मला त्याची माहिती हवीये. मुलाचा शाळेचा प्रोजेक्ट आहे, पण खरं सांगू, आता त्याच्यापेक्षा मलाच जास्त किडा चावलाय 😄

हेलिकॉप्टर का लागत असेल ते साधारण कळतं. त्यांचा कार्मेन-स्मिथ जलविद्युत प्रकल्प वर मॅकेंझी नदीवर, कॅस्केड डोंगररांगेच्या जंगलात, हिवाळ्यात बर्फ, लाइनवर झाड पडलं तर गाडीने शोधत बसण्यापेक्षा वरून टॉवर न् टॉवर बघत जायचं, इन्फ्रारेड (उष्णता दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यात तारेचा तापलेला जॉइंट लगेच पांढरा चमकतो म्हणे. पण त्यासाठी स्वतःचं हेलिपोर्ट कशाला, एअरपोर्टवरून भाड्याचं हेलिकॉप्टर घेतलं की झालं ना?

दुसरं म्हणजे हेलिपोर्ट सुरू किंवा बंद करताना एफएएकडे (अमेरिकेची सरकारी विमान वाहतूक संस्था) ७४८०-१ फॉर्म भरतात आणि ५०१० नावाचं मास्टर रेकॉर्ड असतं, हे वाचलं. बंद झालेल्याचे जुने कागद माहितीच्या अधिकारात मागता येतात का? की आधी सरळ ईडब्ल्यूईबीलाच मेल टाकू? आणि महापारेषणमधे लाइन पेट्रोलिंग केलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा, वरून नेमकं काय काय बघतात?