आईचं प्रोटीन कसं वाढवू? (वय 71, शाकाहारी, दूधही सोसत नाही)

मंडळी, जरा मदत हवी आहे.

आई 71 वर्षांची, वजन 48 किलो. दिवाळीनंतर चिकनगुनिया झाला, महिनाभर अंथरुणात होती आणि उठली ती अर्धी होऊनच. आधी बांगड्या साबण लावून काढाव्या लागायच्या, आता हात वर केला की सरळ कोपरापर्यंत घरंगळतात. कमोडवरून उठताना नळ धरते, एक दिवस नळच हातात येईल अशी भीती वाटते.

फिजिओवाल्या ताईंनी हात छातीशी ठेवून खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला लावली तर 19 सेकंद लागले. आशियाई लोकांसाठी 2019 चे निकष आहेत त्यात 12 च्या पुढे गेलं की स्नायू तपासा असं आहे म्हणे. किडनीचे रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून डॉक्टर म्हणाले किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन पोटात जाऊ दे, म्हणजे रोज साधारण 50-55 ग्रॅम.

आता खाणं ऐका. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी दीड पोळी, भाजी, वाटीभर वरण (वरण कसलं, डाळीचं पाणी), रात्री मऊ भात मेतकूट. मी वहीत मांडून बघितलं तर ओढूनताणून 25 ग्रॅम भरतात. अंड्याचं नाव काढायचं नाही, गळ्यात माळ आहे. दूध प्यायलं की पोट फुगतं, दही खाल्लं की सांधे धरतात (हे तिचं म्हणणं) आणि पनीर म्हणजे लग्नातलं जेवण. कवळी आहे त्यामुळे उसळी, फुटाणे बाद.

सोया वडीचा रस्सा केला तर एक घास खाऊन "चपलेचा तुकडा आहे का गं हा" म्हणाली. मग न सांगता वड्या मिक्सरला फिरवून थालीपिठाच्या भाजणीत घातल्या, कळलंच नाही! 20 ग्रॅम वडीत 10 ग्रॅम प्रोटीन, म्हणून मी खूश. वरणही घट्ट केलंय, कुळथाचं पिठलं आवडीने खाते.

घोडं अडतं ते उपासाला. सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या, महिन्यातले सात-आठ दिवस साबुदाणा, आणि साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्यच, जे काय असेल ते दाण्याच्या कुटाचं. राजगिऱ्याचं पीठ आणि जास्त कूट यापलीकडे काही सुचतंय का? उपास सोड म्हणून बघितलं, दोन दिवस अबोला होता.

दुसरं, एका वेळेला 20-25 ग्रॅम तरी गेलं पाहिजे, वयस्कर स्नायूंना थोडं थोडं पुरत नाही असं वाचलं. एवढुशा भुकेत ते बसवायचं कसं? वाटाण्याच्या प्रोटीनची पावडर कुणी घरच्या म्हाताऱ्या माणसांना दिली आहे का, पोटाला कशी आहे? दुकानदाराने दिलेल्या डब्यात साखर प्रोटीनपेक्षा जास्त निघाली, परत केला.

आणि थायरॉइडची गोळी चालू आहे, सोयामुळे ती नीट शोषली जात नाही म्हणून थालीपीठ नाश्त्याऐवजी दुपारी देते, एवढं अंतर पुरतं का ते डॉक्टरांना विचारणारच आहे, पण कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

व्यायाम चालू आहे, उठबस दिवसातून दोनदा, मी समोर उभी राहून मोजते. तिसऱ्या वेळेला म्हणते "झाले पाच".