टाच दुखते, टीव्हीसमोरून उठवत नाही, आणि दादा म्हणतो हलूच नकोस

धाकटी

नमस्कार मंडळी. प्रश्न टाचेचा आहे, पण त्यात माझा मोठा भाऊही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी आणि दादा, आम्ही दोघंच घरात. आई-वडील गेल्यावर ते आपसूक तसं होत गेलं. माझं काम दिवसभर उभ्याचं, दादा निवृत्त. दिवसा दोघं आपापल्या नादात असतो, पण संध्याकाळी टीव्ही लागला की दोघंही सोफ्यावर. आधी बातम्या, मग त्याचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम, मग माझी मालिका. प्रश्नमंजूषेत मी तोंड उघडायच्या आत तो उत्तर सांगून मोकळा होतो, हे लहानपणापासूनचं आहे. मालिकेत त्याला फारसा रस नाही, तरी तो उठून जात नाही. कोण कोणाची जाऊ ते मला विचारत विचारत शेवटपर्यंत बसतो. आम्ही दोघं जे काही बोलतो ते बहुतेक याच वेळात, टीव्हीकडे बघत. मला ही वेळ फार मोलाची वाटते.

आता टाच. उजव्या पायाची, खालच्या बाजूने, थोडी आतल्या अंगाला. बोटाने चाचपलं तर नेमकी एक जागा सापडते, तिथे दाबलं की डोळ्यांत पाणी येतं. सकाळी पलंगावरून पाय टेकला की खिळा रुतल्यासारखं होतं. थोडं चाललं की सैल पडतं, दुपारपर्यंत जाणवतही नाही. संध्याकाळी परत ठणका. पण सगळ्यात वाईट वेळ म्हणजे मालिका संपल्यावर उठायची. तेव्हा सोफ्यापासून माझ्या खोलीच्या दारापर्यंत भिंत धरून जावं लागतं, आणि दादा मागे उभा राहून ते बघत असतो.

त्याने माझ्यासाठी एक स्टूल आणून ठेवलंय, त्यावर उशी. मी बसले की तो स्वतः स्टूल सरकवून देतो, टाच उशीच्या बरोबर मधे आली का बघतो. रिमोट, चष्मा, फोनचा चार्जर सगळं माझ्या हाताशी. दार वाजलं की तोच उठतो. त्याचे स्वतःचे गुडघे धड नाहीत, सोफ्याच्या हातावर भार देऊन तो कसा उठतो ते मला दिसतं ना! मालिका ऐन रंगात आली की आवाज बंद करतो आणि विचारतो, "आता कसं वाटतंय?" मी म्हणते, बरं आहे. मग आवाज परत चालू. असं एका भागात तीनतीनदा.

त्याचं म्हणणं एकच: दुखतंय ना, मग पायाला पूर्ण आराम. मला मात्र वाटतं की जितकी जास्त बसते तितकं उठताना जास्त दुखतं. खरं काय? टीव्ही बघताना पाय नेमका ठेवायचा तरी कसा? आणि त्याची माया न दुखावता हे त्याला सांगायचं कसं? संध्याकाळ मोडून वेगळ्या खोलीत पडून राहायचं नाहीये मला.

पायवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय न बघता निदान करता येत नाही, हे आधी सांगते. पण तुम्ही लिहिलेलं वर्णन प्लांटर फॅसायटिसचं अगदी नेहमीचं आहे: टाचेच्या खाली आतल्या अंगाला एक दुखरी जागा, सकाळची पहिली पावलं त्रासाची, चालल्यावर सैल पडणं, आणि बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. दिवसभर उभ्याचं काम हेही त्यातलं एक मोठं कारण.

होतं काय, की टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. पावलाची कमान त्याच्यावर तोललेली असते. आपण झोपतो किंवा पाय लांब करून बसतो तेव्हा पाऊल पुढे झुकतं आणि हा पट्टा सैल पडून तसाच आखडतो. मग उठून एकदम सगळं वजन टाकलं की तो ताणला जातो, आणि जिथे तो टाचेला चिकटलेला असतो तिथे कळ येते. म्हणजे तुमचा अंदाज बरोबर आहे. पण दादाही अगदी चुकीचं सांगत नाहीत. दिवसभराचं उभं राहणं कमी करायलाच हवं. फक्त संध्याकाळचे दोन तास पाय निश्चल ठेवणं म्हणजे आराम नव्हे.

त्या स्टुलाबद्दल. टाच उशीच्या मधोमध म्हणजे पायाचा भार नेमका टाचेवर, आणि पाऊल पुढे लोंबतंय. उशी पोटरीखाली घ्या, टाच उशीच्या बाहेर मोकळी राहू द्या. अधूनमधून पाऊल स्वतःकडे ओढा, सोडा, घोट्यातून गोल फिरवा.

उठायच्या आधी हे करा: दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. एका हाताने पायाची बोटं धरून नडगीच्या दिशेने मागे ओढा, तळपायात ताण जाणवेपर्यंत. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कमानीवर दाबून बघा, पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. १० सेकंद धरायचं, सोडायचं, असं १० वेळा. दिवसातून तीनदा, आणि त्यातली एक वेळ सकाळी पलंगावरच, पाय जमिनीला लावायच्या आधी. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हा व्यायाम नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा आठ आठवड्यांनी सरस ठरला होता.

दुसरा व्यायाम ताकदीचा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभं राहायचं, टॉवेलची गुंडाळी करून बोटांखाली घ्यायची म्हणजे बोटं वर वळलेली राहतात, आणि टाच सावकाश उचलायची: तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. दिवसाआड. कठड्याला हात हवाच. २०१४ साली डेन्मार्कमधून आलेल्या अभ्यासात तीन महिन्यांनी या व्यायामाचा गुण नुसत्या ताणापेक्षा चांगला दिसला, वर्षभराने मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच होते. म्हणून मी दोन्ही सांगते. पण हा व्यायाम कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवून मगच सुरू करा.

आणि धीर धरा. हे दुखणं आठवड्यात जात नाही. बहुतेक जण शस्त्रक्रियेविना बरे होतात, पण त्याला काही महिने लागतात, कधी वर्षही.

निळा_दिवा

वैद्यकीय मी काही सांगणार नाही, भावाबद्दल सांगतो, कारण मीही असाच भाऊ आहे. बहिणीचा घोटा मुरगळला होता तेव्हा मीही दर दहा मिनिटांनी विचारायचो. विचारायचो कारण ती "ठीक आहे" म्हणायची आणि तिचा चेहरा वेगळंच सांगायचा. तुम्ही दादांना "बरं आहे" म्हणता, आणि मालिका संपल्यावर ते तुम्हाला भिंत धरून जाताना बघतात. त्यांनी कशावर विश्वास ठेवायचा?

त्यांना खरं काय ते सांगा. दहापैकी किती दुखतंय ते. सकाळी सात होतं, आत्ता तीन आहे, उठताना परत सहा होईल असं वाटतंय. आमच्याकडे हे सुरू झालं आणि माझं विचारणं आपोआप कमी झालं, कारण मला काय चाललंय ते कळत होतं. न कळण्याची धास्ती फार वाईट असते, ती बसू देत नाही.

दुसरं, त्यांना कामातून मोकळं करू नका, काम बदलून द्या. पायवाट यांनी १० सेकंद सांगितलेत, ते दादांना मोजू द्या. जाहिराती लागल्या की आवाज बंद करायची त्यांना सवय आहेच, त्याच वेळात होऊन जाईल. आणि दार वाजलं की दोघांनी आळीपाळीने उठा. त्यांच्या गुडघ्यांनाही दोन तास एका जागी बसणं सोसत नसणार. "माझ्यासाठी उठू नकोस" म्हणालात तर ते ऐकणार नाहीत. "तुझे गुडघे आखडतात, माझी टाच आखडते, चल दोघं उठू" म्हणून बघा.

उंबरठा

पायवाट यांचं बरोबर आहे, पण टाचेचं प्रत्येक दुखणं हेच असतं असं नाही, म्हणून लिहिते. पाऊल सुजून लाल आणि गरम झालं, ताप आला, टाचेत किंवा तळव्यात बधिरपणा-मुंग्या आल्या, रात्री पाय उचलून ठेवला तरी दुखणं थांबत नसेल, किंवा एका पोटरीला सूज येऊन ती दुखायला लागली, तर व्यायाम करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. पडल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर पायावर भारच टाकता येत नसेल तरीही तसंच. आणि मधुमेह असेल तर पायाचं कुठलंही दुखणं घरी अंगावर काढायचं नाही. संवेदना कमी झालेली असली तर जखम झालेली कळतसुद्धा नाही.

अजून एक. माझ्या एक्स-रेत टाचेचं हाड टोकासारखं वाढलेलं दिसलं आणि माझी झोप उडाली. हे हाड कापून काढावं लागणार असं मी धरूनच चालले. नंतर ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की असं वाढलेलं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांतही सापडतं, दुखण्याचं मूळ बहुधा त्या पट्ट्यात असतं. माझं हाड आजही तिथेच असणार. दुखणं गेलं.

इंजेक्शनचंही कोणीतरी सुचवेलच. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो. पहिल्या फटक्यात त्याच्या वाटेला जाऊ नका एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

धाकटी

सगळ्यांचे मनापासून आभार. मधुमेह नाही, तपासणी झालेली आहे. बधिरपणा नाही, सूज नाही. पडले-बिडलेही नाही.

तुमचं सगळं मी दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. स्टुलाचं ऐकून तो काही बोलला नाही, उठला आणि उशी पोटरीखाली घातली. मग खाली वाकून टाच खरंच मोकळी आहे ना ते हात घालून बघितलं. निळा_दिवा, "त्यांनी कशावर विश्वास ठेवायचा" हे वाचताना मी थांबले, तर तो म्हणाला, "पुढे वाच." काल त्याने विचारलं तेव्हा मी आकडा सांगितला. पाच. तो "बरं" म्हणाला आणि पुढचा सगळा भाग त्याने आवाज बंद न करता बघितला.

त्याचे दोन प्रश्न आहेत, त्याच्याच वतीने विचारते. बर्फाने शेकायचं का? आणि अंगठ्याने टाच जोरात रगडून दिली तर चालेल का? कारण त्याला ते करायचंच आहे. माझा एक: घरात मी अनवाणीच असते, फरशीवर. त्याने फरक पडतो का?

पायवाट

फरक पडतो, आणि बराच. कडक फरशीवर अनवाणी चालणं तूर्त बंद. मऊ तळव्याची, कमानीला आधार देणारी चप्पल घरात वापरा. एक जोड पलंगाशी आणि एक सोफ्याशी, म्हणजे पहिलं पाऊल चपलेतच पडेल. कामावरचे बूटही उलटे करून बघा. टाच एका बाजूला झिजली असेल तर ते बदला. उभं राहून काम करताना अधूनमधून एक पाय बुटक्या पाटावर ठेवा, मग दुसरा.

गार शेक चालेल. पाण्याची बाटली गोठवा, कापडात गुंडाळा आणि बसल्या बसल्या तळव्याखाली १०-१५ मिनिटं पुढेमागे फिरवा. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. शेकाने दुखणं थोडा वेळ दबतं, मुळातून जात नाही, पण संध्याकाळच्या ठणक्याला बरा.

रगडणं: कमानीवर, अंगठ्याने, लांब आणि सावकाश, खुशाल करू द्या. नेमक्या दुखऱ्या जागेवर जोर नको. दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा वाढला तर समजायचं की जोर जास्त झाला. तो आकडा लिहून ठेवायला दादांना सांगा, फिजिओथेरपिस्टना दाखवायला उपयोगी पडेल.

धाकटी

चप्पल सोफ्याखाली आली. वहीपण आली, त्याने तारखा घालून रकाने आखलेत: सकाळ, दुपार, टीव्हीनंतर. फिजिओथेरपिस्टची वेळ घेतली आहे, पायरीवरचा व्यायाम त्यांनी बघितल्याशिवाय करणार नाही. बोटं ओढायचा मात्र सुरू केलाय. दादा सेकंद मोठ्याने मोजतो आणि सातनंतर जरा घाई करतो, कारण जाहिराती संपत आलेल्या असतात. मी म्हटलं प्रश्नमंजूषेतल्या जाहिराती मोठ्या असतात, तेव्हाच करू. तिकडे जाऊन आले की काय सांगतात ते इथे लिहीन.